सर्वांच्या मुखी राहिलेली चाल : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

काही गीते इतकी सर्वतोमुखी होतात की, त्यांना कोणी कर्ता असेल ही कल्पनाही मनाला शिवत नाही. ‘रघुपति राघव’ ही रामधून अशांपैकीच एक होय. आमच्या बालवाचकांत ती ज्याने ऐकली नाही असा विरळाच. परंतु तिची आज रूढ असलेली चाल ज्यांच्या नावे सांगितली जाते, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असते. ते येथे संक्षेपाने देण्याचे आम्ही योजिले आहे.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या दारूने विष्णूच्या डोळ्यांस जबर इजा झाली व दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तकी विद्येचा मार्ग असा खुंटला; पण कंठ शाबूत होता. मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने त्याला थोर गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविण्यात आले, आणि ग्वाल्हेर घराण्याची गायकी त्याने वर्षानुवर्षे मेहनत करून आत्मसात केली.

त्या काळी गाण्यास वाहवा मिळे, पण गवयास प्रतिष्ठा मिळत नसे. मिरजेतील एका समारंभास विष्णुपंतांना बोलावणे आले आणि त्यांच्या गुरूंना मात्र, ते केवळ गवई म्हणून, वगळण्यात आले, असे सांगतात. हा अपमान शिष्याच्या जिव्हारी लागला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गावोगाव हिंडत, तिकिटे लावून जाहीर गायन करीत ते पंजाबात पोहोचले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. हे विद्यालय कोणा राजाच्या पदरी नव्हते. लोकाश्रयावर चालत होते. जी विद्या मिळविण्यास पूर्वी गुरुगृही सेवा करीत राहावे लागे, ती येथे ठरीव अभ्यासक्रमाने व स्वरलिपीच्या पुस्तकांच्या साहाय्याने शिकविली जाऊ लागली, आणि मुलींसही तिचे दार उघडले. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली.

मुंबईत विद्यालयासाठी पंडितजींनी मोठी वास्तू उभारली. पण तिचे कर्ज फिटेना, व १९२४ साली तिचा लिलाव झाला. आयुष्याच्या कमाईची वास्तू डोळ्यांदेखत गेली. त्यांचे मन तोवर रामनामात रंगले होते. नाशिकास त्यांनी आश्रम काढिला आणि भजनात ते काळ घालवू लागले.

अवघड ताना लीलया घेणाऱ्या या गायकाच्या नावे जी धून सर्वांत अधिक ओळखली जाते, ती मात्र अगदी सोपी आहे. थोडे स्वर, सरळ ठेका. एकाने म्हणावे व सर्वांनी उचलावे. तिला ना साज लागतो, ना शिक्षण. चालता चालताही ती म्हणता येते. पंडितजींचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे १९१८ पासून गांधीजींच्या आश्रमात संगीत शिकवीत असत. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीयात्रा निघाली, तेव्हा खरे त्या तुकडीत होते आणि ही धून वाटेवर दुमदुमत होती. पुढच्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, पंडितजी मिरजेस निवर्तले.

धून मात्र पुढे चालत राहिली. गांधीजींच्या प्रार्थनासभांत तीत ईश्वर व अल्ला ही एकाचीच नावे आहेत अशा अर्थाचे चरण म्हटले जात. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा असलेला दत्तात्रेय पुढे स्वतः नामवंत गायक झाला. त्याने गायिलेल्या या धुनीची ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. अमेरिकेच्या पीट सीगर या लोकगायकाने ती आपल्या श्रोत्यांस ऐकविली. ‘पूरब और पश्चिम’ (१९७०) व ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) या चित्रपटांत ती नव्या साजात आली. ‘क्रिश ३’ (२०१३) मध्ये तर आरंभीचे शब्द तेवढे घेऊन निराळेच नृत्यगीत रचले गेले. काही वडीलधाऱ्यांस हे रुचत नाही. आम्हांस वाटते, जे गीत लोकांचे झाले त्यास लोक आपापल्या परीने गाणारच. मूळ चाल कानात पक्की असली म्हणजे झाले.

आमच्या नागपुरासही या ऋणाचा वाटा पोहोचला आहे. पंडितजींचे शिष्य शंकरराव सप्रे यांनी येथे विद्यादान केले, व त्यांच्या हाताखाली वसंतराव देशपांडे तयार झाले. आज प्रताप नगरातील जी मुलेमुली प्रवेशिका वा मध्यमा परीक्षेस बसतात, ती पंडितजींनी घालून दिलेल्या वाटेनेच चालतात. त्यांची वास्तू सावकारास नेता आली. परंतु जे त्यांनी दुसऱ्यांच्या कंठात ठेविले, त्यावर कोणास जप्ती आणता आली नाही. विद्यार्थ्यांनो, आपणांस जे येते ते दुसऱ्यास शिकवून ठेवा. ठेव सुरक्षित राखण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हांस ठाऊक नाही.