कोंड्याचा मांडा करणारा जपानी



एप्रिल आला की आपल्यापैकी बरेच जण वॉशिंग्टनला चेरीचा बहर बघायला जातात. आम्हीही जातो. पण त्या झाडांसाठी ज्यांनी स्वतःचे पैसे घातले, ते गृहस्थ त्याआधी आपल्या पिओरियात गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवत होते, हे आम्हाला इथे चार वर्षं काढल्यावर कळलं. त्यांचं नाव जोकिची ताकामिने. आम्ही पडलो संगणकवाले, रसायनशास्त्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाच सुटलं. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

जन्म १८५४ चा, जपानमधल्या ताकाओकाचा. बालपण कानाझावात गेलं. वडील वैद्य, आणि आईचं माहेर साके बनवणाऱ्यांचं. हे माहेर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. तोक्योच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते १८७९ साली बाहेर पडले आणि पुढच्या शिक्षणासाठी ग्लासगोला गेले. १८८४ साली न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी सरकारने पाठवलं, तिथे कॅरोलिन हिच भेटल्या. १८८७ साली लग्न झालं. तोक्योत खताचा कारखाना काढून दिला आणि १८९० साली बायको-मुलांसह अमेरिकेला आले.

आता थोडं धान्याबद्दल. दाण्यातलं स्टार्च उघडं पडलेलं नसतं, ते पेशींच्या आत कोंडलेलं असतं आणि प्रत्येक पेशीला भिंत असते. दारू गाळायची तर भिंत मोडून आतल्या स्टार्चची साखर करावी लागते. पाश्चात्त्य पद्धत म्हणजे बार्ली भिजवून मोड आणायचे. मोड येताना दाणा स्वतःच एन्झाइम तयार करतो, ती भिंती सैल करतात आणि स्टार्च तोडतात. आपली आजी नाचणीला मोड आणून सत्त्व करायची, तोच प्रकार. मोड आलेली ही बार्ली वाळवली की झालं माल्ट. यात आठवडा सहज जातो.

ताकामिने यांच्या आजोळी मोडांची गरज नव्हती. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवायची. ती आपली एन्झाइम बाहेर सोडते आणि स्टार्च, प्रथिनं, पेशीभित्तिका या सगळ्यांवर तुटून पडते. काम दोनेक दिवसांत होतं. ताकामिने यांनी अमेरिकेत तांदळाच्या जागी गव्हाचा कोंडा घेतला. गिरणीत उरणारा, गुरांपुढे टाकायचा माल! कोंडा म्हणजे बराचसा भिंतीच भिंती, पण बुरशीचे तंतू त्यातही शिरतात.

पिओरिया तेव्हा व्हिस्कीची राजधानी होती. इथल्या व्हिस्की ट्रस्टने त्यांना प्रयोगासाठी बोलावलं. माल्टवाल्यांचं धाबं दणाणलं. त्यांना चांगला पगार देऊन सामावून घ्यायची तयारी ताकामिने यांनी दाखवली होती, तरी उपयोग झाला नाही. पुढे कारखाना जळाला. आग लावली गेली असा संशय आजही घेतला जातो. त्यातच त्यांचं यकृताचं दुखणं बळावलं, कॅरोलिनबाईंनी त्यांना तशा अवस्थेत शिकागोला नेऊन शस्त्रक्रिया करवून घेतली. मग ट्रस्टच कोसळला. परक्या देशात, दोन मुलं पदरी आणि हातात काम नाही. व्हिसाच्या चिंतेत रात्र काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पण कोंडा होता. कोजी चढवलेला कोंडा पाण्यात भिजवायचा, त्या पाण्यात अल्कोहोल घालायचं, की एन्झाइम साक्यासारखी खाली बसतात. १८९४ साली याचं पेटंट मिळालं. बुरशीच्या एन्झाइमचं अमेरिकेतलं हे पहिलं पेटंट समजलं जातं. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते ताका-डायस्टेस नावाने पचनाचं औषध म्हणून विकलं आणि ताकामिने श्रीमंत झाले.

१९०० साली न्यूयॉर्कच्या त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅड्रेनलिनचे स्फटिक मिळाले. प्रत्यक्ष हाताने ते काम केलं केइझो उएनाका या सहायकाने, नाव मात्र झालं ताकामिने यांचं. उएनाकांची वही अजून जपून ठेवलेली आहे. टीम लीडचं नाव पुढे, हा प्रकार आपल्या धंद्याने शोधला नाही तर!

चेरीची पहिली दोन हजार झाडं कीड निघाल्यामुळे १९१० साली जाळावी लागली. १९१२ साली ३०२० झाडं आली. देणगी तोक्यो शहराच्या नावाने दिली गेली, ताकामिने मागेच राहिले.

एवढं करूनही ते अमेरिकेचे नागरिक होऊ शकले नाहीत. कायद्यात आशियातून आलेल्यांना जागाच नव्हती. २२ जुलै १९२२ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये वारले. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात जपान्यांना नागरिकत्व मिळणार नाही असा निकाल दिला. तीनच महिन्यांत भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तोच निकाल आपल्या लोकांवर आला. भारतीयांसाठी दार उघडलं १९४६ साली, जपान्यांसाठी १९५२ साली. आमची ग्रीन कार्डाची रांग लांब आहे खरी, पण रांग तरी आहे.

पिओरियात ताकामिने यांच्यानंतरही हे काम थांबलं नाही. १९४० साली इथे शेतीखात्याची मोठी प्रयोगशाळा उघडली, युद्धकाळात पेनिसिलिनचं उत्पादन वाढवणारी ती हीच. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या कडब्यातल्या पेशीभित्तिका एन्झाइमनी फोडून त्या साखरेपासून इथेनॉल करण्यावर बरंच काम केलं. कडबा कोंड्यापेक्षा हट्टी. त्यातलं लिग्निन एन्झाइमला भिंतीपर्यंत पोचूच देत नाही, म्हणून आधी उष्णता नाहीतर आम्ल वापरून तो मऊ करावा लागतो.

ताकामिने यांची समाधी ब्राँक्सच्या वुडलॉन दफनभूमीत आहे. न्यूयॉर्कला कुणाकडे उतरणार असाल तर जाऊन या, आम्ही थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जाणार आहोत.