उजवा हात लुळा पडला, तेव्हा महात्मा फुल्यांनी डाव्या हाताने पुस्तक लिहिलं

तारीख होती ११ मे १८८८. मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरली होती. जोतीराव फुल्यांनी साठी ओलांडली होती आणि त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाबद्दल लोक त्यांचा सत्कार करत होते. रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या या सभेत जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली.

त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलै १८८८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली.

तरुणपणी लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकलेला हा माणूस. १८७३ साली ‘गुलामगिरी’ आणि १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी लिहिला. आता तो लिहिता हातच हलेना.

पक्षाघातात नेमकं होतं काय? मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रक्त न मिळालेला भाग काही मिनिटांतच मरू लागतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, त्यामुळे इजा डावीकडे झाली की उजवा हात-पाय जातो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं केंद्रही डावीकडेच असतं. म्हणून उजवी बाजू गेलेल्या अनेकांना शब्दही सापडेनासे होतात. जोतीरावांची भाषा मात्र शाबूत राहिली, याचा पुरावा त्यांनी पुढे स्वतःच दिला.

त्या काळी या आजारावर औषध असं नव्हतंच. आज दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, ते यंत्रसुद्धा १८९६ साली आलं. जोतीरावांवर उपचार केले त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातले सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. पुण्यातला घोले रोड तो यांच्याच नावाचा. शुश्रूषेला सावित्रीबाई होत्या. हळूहळू जोतीराव थोडे सावरले, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही.

मग त्यांनी डाव्या हातात लेखणी धरली.

आयुष्यभर उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने आपलं नाव लिहून पाहावं, म्हणजे हे किती अवघड असतं ते कळतं. जोतीरावांनी साठी उलटल्यावर आजारपणात अख्खं पुस्तक लिहिलं आणि १८८९ साली ते पूर्ण केलं. त्याचं नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’.

पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये त्यांचा दत्तक मुलगा यशवंतही आहे. स्त्री आणि पुरुष यांचे हक्क सारखेच, हा त्यातला मोठा आग्रह. एकाच घरात बायको, नवरा, मुलगी आणि मुलगा यांनी वेगवेगळे धर्म पाळावेत आणि तरी सगळ्यांनी मायेने एकत्र नांदावं, अशी कल्पना त्यांनी त्यात मांडली.

घरात मात्र पैशांची ओढाताण होती. एकेकाळी जोतीराव सरकारी बांधकामांना माल पुरवणारे कंत्राटदार होते. पण मिळकत समाजकार्यात खर्च होत गेली आणि आजारपणात हात रिकामा राहिला. १८९० साली मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून त्यांच्यासाठी मदत मागितली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीरावांचं निधन झालं. आपल्याला मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. पण राहत्या घराच्या जागेत तशी परवानगी मिळाली नाही, त्यामुळे दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं त्यांनीच धरलं आणि अग्नीही त्यांनीच दिला. बाईमाणसाने स्मशानातही जाऊ नये, असा तो काळ होता.

डाव्या हाताने लिहिलेलं पुस्तक छापलेलं पाहणं जोतीरावांच्या नशिबी नव्हतं. ते १८९१ साली यशवंतरावांनी प्रसिद्ध केलं.

आज काळ बदलला आहे. गुठळीमुळे आलेल्या झटक्यात ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं. मात्र झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे आधी स्कॅन करून पाहावं लागतं. म्हणून तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा जीभ अडखळू लागली, तर घरी तेल चोळत बसू नये. झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवून थेट स्कॅनची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठावं.

आणि तरीही हात गेलाच, तर फुलेवाड्यातल्या त्या डाव्या हाताची आठवण ठेवावी.