जुलियन, जूलियन की ज्युलियन? कोल्हापूरचे हे कवी-प्राध्यापक सर्चमध्ये हरवू शकतात, कारण...

मोबाईलवर 'माधव जुलियन' असं टाईप करा. मग 'माधव जूलियन'. मग 'माधव ज्युलियन'. माणूस एकच, स्पेलिंग तीन. आपल्याला हे लगेच कळतं, कारण आपण नाव कानानं ओळखतो. कॉम्प्युटर मात्र अक्षरं आणि काना-मात्रा मोजतो. त्याच्या हिशेबात जुलियनचं जूलियन करायला एक बदल लागतो, तर जूलियनचं ज्युलियन करायला तीन. सर्चची सोय नीट केलेली नसेल, तर त्याच्यासाठी ही तीन वेगळी माणसं आहेत.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाचा हा घोळ होतो, त्यांनी आयुष्यभर शब्दांच्या उच्चारांवरच काम केलं.

त्यांचं खरं नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म २१ जानेवारी १८९४ चा, बडोद्याचा. जुलियन हे टोपणनाव. इंग्रज कवी शेली याच्या एका कवितेतल्या पात्रावरून ते घेतलं, असं सांगितलं जातं. १९१८ मध्ये ते एम.ए. झाले आणि पुढं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवू लागले.

याच १९१८ साली तिकडं अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं एका पद्धतीचं पेटंट घेतलं. सारखी ऐकू येणारी अक्षरं एका गटात टाकायची, गटाला आकडा द्यायचा आणि नावं त्या आकड्यांनी शोधायची. स्पेलिंग वेगळं असलं तरी आवाज सारखा, म्हणून कोड सारखा. पुढं याच कल्पनेतून साउंडेक्स ही पद्धत आली.

पटवर्धनांचा या पेटंटशी काही संबंध नव्हता. पण त्यांच्यासमोरचे शब्द याच जातीचे होते. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला. फारसीतून मराठीत आलेले शब्द बघा. सिफारिशची शिफारस झाली, कुर्सीची खुर्ची, मस्जिदची मशीद. शिफारसमध्ये तर स आणि श यांनी चक्क जागा बदलल्या. बदल मोजणाऱ्या कॉम्प्युटरला इथं तीन फरक दिसतात. पण स, श, ष एका गटात टाकले, तर शब्द पटकन जवळ येतात. म्हणजे मशीनला नुसतं गणित येऊन भागत नाही, कोणता आवाज कुठं सरकतो हेही माहीत असावं लागतं.

१९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाचे ते महत्त्वाचे कवी होते. १९२८ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि १९३९ पर्यंत तिथं होते. मराठीत गझल रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९३३ मध्ये त्यांचा गझलांचा संग्रह आला. नाव होतं 'गज्जलांजलि'. गजल नाही, गझल नाही, तर गज्जल! म्हणजे आज कुणी फक्त 'गझल' टाकून शोधलं, तर मराठी गझलेचं हे महत्त्वाचं पुस्तकच हाती लागणार नाही.

त्यात आणखी एक भर पडली. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. त्यामुळं 'गज्जलांजलि'चं 'गज्जलांजली' झालं. जुनं पुस्तक जुन्या स्पेलिंगमध्ये, शोधणारा नव्या.

आता तुम्ही म्हणाल, मग ऱ्हस्व-दीर्घचा भेदच काढून टाका की! तसं केलं तर दिन आणि दीन एक होतात, म्हणजे दिवस आणि गरीब यांत फरक उरत नाही. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा, तेही एक होतात. म्हणून चांगला सर्च आधी सारखे वाटणारे सगळे शब्द गोळा करतो आणि मग आजूबाजूचे शब्द बघून निवड करतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं महत्त्व पटवर्धनांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांचा 'छन्दोरचना' हा ग्रंथ लघु-गुरूच्या हिशेबावरच उभा आहे. एक मात्रा चुकली की वृत्त मोडतं. याच ग्रंथासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. मराठीतल्या कामासाठी मिळालेली ती पहिली डी.लिट. मानली जाते. त्याआधी १९३६ मध्ये ते जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४५.

आज मराठीतली जुनी पुस्तकं स्कॅन होऊन ऑनलाईन येतायत. पण स्कॅन झालेलं पुस्तक सापडलंच नाही, तर ते असून नसल्यासारखंच. त्यामुळं पुढच्या वेळी सर्चमध्ये काही मिळालं नाही, तर लगेच सोडून देऊ नका. ऱ्हस्वाचं दीर्घ करा, ज चा झ करा, एखादं जोडाक्षर टाकून बघा. कदाचित माधवराव तिथंच असतील, फक्त वेगळ्या स्पेलिंगमध्ये.