आजचं मनन : घागर विसरलेली बाई आणि पंडिता रमाबाई

आजचा उतारा : योहान ४:१-४२

उतारा आधी बायबलमध्ये उघडून वाचा आणि मग पुढे या. आज मी वचनाचा ओळीवार अर्थ सांगणार नाही. हा उतारा ज्या बाईच्या आयुष्यात येऊन थांबला आणि मग चाळीस वर्षं चालत राहिला, तिची गोष्ट सांगणार आहे. पंडिता रमाबाई. नाव आपल्या सगळ्यांना माहीत असतं. संडे स्कूलमध्ये फोटो पाहिलेला असतो, पांढरी साडी, आखूड कापलेले केस. पण फोटोच्या पुढे आपण फारसे जात नाही.

प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. दुपारची वेळ. प्रभू येशू चालून दमलेला, याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला येते. आणि जिवंत पाणी देणारा आधी तिच्याकडे पाणी मागतो. मला दर वेळी इथेच थांबायला होतं. देणारा आधी मागतो, कारण त्याला खरोखर तहान लागलेली आहे.

रमाबाईंना तहान आणि भूक दोन्ही ठाऊक होत्या. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा विरोध झाला, तेव्हा जंगलात घर बांधून राहिले. पण शिकवणं सोडलं नाही. पुढे आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून लहान रमेकडून पाठ करून घेतलं. भागवताचे १८,००० श्लोक तिला तोंडपाठ होते. घरदार गेल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळात पुराण सांगत भारतभर पायी फिरलं.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकून झालं. अंगमेहनतीचं काम करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. झाडांचा पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उत्तरेकडे चालत राहिले. पंजाबात झेलम नदीकाठी थंडीच्या रात्री पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून ते झोपले. ही गोष्ट रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे. हा खड्डा लक्षात ठेवा. पुढचं सगळं काम मला तिथूनच सुरू झालेलं दिसतं.

१८७८ साली भावंडं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षं व्हायच्या आतच तेही पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी विधवा आणि कडेवर मनोरमा, वर्षाचीही न झालेली.

१८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू केला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेज इथल्या भगिनींकडे त्या राहिल्या. आणि इथे आजचा उतारा येतो.

लंडनमध्ये फुलहॅमला या भगिनींचं एक घर होतं. ज्या बायकांना समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलं होतं, त्यांना तिथे जवळ केलं जाई. रमाबाईंनी ते पाहिलं आणि चक्रावल्या. त्यांना शिकवले गेलेले धर्मग्रंथ अशा बाईला दयामाया दाखवत नव्हते. मग हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

बघा ना, भागवत पाठ असलेली, वादात पंडितांना गप्प करणारी बाई. तिला कुणी तत्त्वज्ञानाने जिंकलं नाही. तिने आधी एक घर पाहिलं. त्या घरामागचं कारण नंतर वचनात सापडलं. आपण बहुतेक वेळा उलट क्रमाने जातो. आधी व्हर्स शेअर करतो आणि घर दाखवायची वेळ आली की लिंक पाठवतो.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पण म्हणून त्या कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. आयुष्यभर शाकाहारी राहिल्या. चर्चच्या वरिष्ठांशी शिकवणुकीवरून पत्रांतून खडाजंगी वाद घातले. जे पटलं नाही त्याला उगाच होकार दिला नाही. आणि पुढे त्यांनी एक फार प्रामाणिक गोष्ट लिहिली. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त अजून सापडायचा होता. आठ वर्षं! ज्यांना वाटतं की आपलं विश्वासात येणं स्लो लोड होतंय, त्यांनी धीर धरा.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. मग अमेरिकाभर फिरून भारतातल्या उच्चवर्णीय विधवांची स्थिती सांगितली, त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनच्या लोकांनी दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

आता जरा थांबून वाचा, कारण पुढचा भाग आपल्यापैकी जे वस्तीत शिकवायला जातात, मेडिकल कॅम्पला हात लावतात, त्या सगळ्यांच्या रोजच्या प्रश्नाचा आहे.

शारदा सदनाची अट स्पष्ट होती. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ नाही. त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याची, जेवणखाणाची सोय वेगळी. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर असे मोठे सुधारक सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतः मात्र रोज आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. दार उघडं असे. हळूहळू काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात यावरून वादळ उठलं. केसरीने कडाडून टीका केली. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेलं.

आपल्याकडे ही गोष्ट बऱ्याचदा छळ झालेल्या संताची म्हणून सांगितली जाते. मला ती तितकी सोपी वाटत नाही. रानडे, भांडारकर रमाबाईंचे वैरी नव्हते, ते तर सुरुवातीपासून पाठीशी उभे होते. आणि पालकांचं म्हणणंही समजून घ्या. मुलगी लहान, विधवा, डोक्यावर छप्पर या बाईंमुळे, अन्न या बाईंमुळे. अशा मुलीने बाईंची प्रार्थना स्वीकारली तर तिची निवड किती मोकळी? देणाऱ्याच्या हातात ताटाबरोबर सत्ताही असते. ते आपण विसरलो तरी घेणारा विसरत नाही.

पण रमाबाईंचीही बाजू आहे. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाला हाक मारायची आणि दाराला आतून कडी लावायची, हे त्यांना खोटेपणाचं वाटलं. त्या कुणाला ओढायला बाहेर गेल्या नाहीत आणि येणाऱ्याला बाहेरही काढलं नाही.

मी यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं आहे : माझा विश्वास लपवायचा नाही, आणि माझ्या मदतीची किंमत म्हणून तो कुणाकडून वसूल करायचा नाही. ज्या मुलाला मी शनिवारी गणित शिकवतो, तो उद्या म्हणाला की मला तुमच्या प्रार्थनेत रस नाही, तरी पुढच्या शनिवारी अपूर्णांक तेवढ्याच मन लावून शिकवले गेले पाहिजेत. हीच माझी टेस्ट केस.

या टेस्टमध्ये शारदा सदनाचं काय झालं? सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ती तिथे शिकली, पायावर उभी राहिली, हिंदूच राहिली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिने पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे, बाया कर्वे. आणि १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तोच पुढे हिंगण्याला गेला. रमाबाईंच्या हाताने पेरलेलं असं मंडळीच्या कुंपणाबाहेरही उगवलं. आपल्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही, पण देवाच्या असेल.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला. बातम्या वाचल्यावर रमाबाईंना आपले दिवस आठवले, तो पाला, ती वाळू. हाताशी फारसा पैसा नव्हता आणि बॉस्टनची दहा वर्षांची मुदतही संपत आलेली. तरी त्या निघाल्या. मदतछावण्यांत तरुण मुलींना अन्नाच्या आमिषाने पळवून नेणारे फिरत होते, ते त्यांनी पाहिलं. सुमारे ३०० मुली-बायका त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग, आणि इतक्या माणसांना शहरात ठेवायला सरकारी बंदी. केडगावला, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर तंबू आणि तात्पुरती छपरं उभी राहिली. ते मुक्ती सदन.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. आपण मिशन म्हटलं की सभा आणि गाणी डोळ्यांपुढे आणतो. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं संजीवनही झालं, त्याची कीर्ती दूरवर गेली. पण मला तिथला रोजचा दिवस जास्त बोलतो. विहिरी खणणं. दोन हजार माणसांचं दळण, स्वयंपाक, धुणं. हातमाग, तेलघाणा, गाई-म्हशी, शेती, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हणजे फुलहॅमचं ते घर, केडगावच्या माळावर! पोटाला मिळालं पाहिजे हे पहिलं, पण तिथेच थांबायचं नाही. प्रत्येकीच्या हाताला एखादं काम आलं पाहिजे, म्हणजे उद्या तिला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. ज्या बाईला कधीकाळी अंगमेहनत येत नव्हती म्हणून उपाशी राहावं लागलं, तिने हे ठरवलं होतं.

आणि शेवटचं काम, बायबलचं भाषांतर. त्या वेळचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड, खेड्यातल्या बाईला कळायला कठीण असं त्यांना वाटे. संस्कृत ज्यांना मातृभाषेसारखं येत होतं, त्यांनीच ते सोपं करायला घेतलं! त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तेव्हा वय पंचेचाळिशीच्या पुढचं. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत, बायकाच छापत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्यावर सगळा पुढचा भार टाकायचा होता ती. रमाबाई तरी भाषांतराला बसत राहिल्या. काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते बायबल छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. ते त्यांनी पाहिलं नाही.

परत विहिरीपाशी जाऊ. ती शोमरोनी बाई घागर तिथेच टाकून गावात धावते. मला वाटतं रमाबाईंनी घागर टाकली नाही. त्या ती भरून आणायला परत परत विहिरीवर गेल्या, कारण गावातले तहानेलेले त्यांना माहीत होते. प्रत्येकाची बोलावण्याची तऱ्हा वेगळी. काहींनी घागर सोडून धावायचं असतं. आपल्यासारख्या नोकरी, ईएमआय आणि सोमवारच्या स्टँडअपवाल्यांना बहुधा घागर उचलूनच चालायचं असतं.

मननासाठी :

१. माझ्या आयुष्यात असा कोणता वाळूचा खड्डा आहे, जो आठवला की मला दुसऱ्याचं दुःख लगेच कळतं? तिथूनच माझी सेवा सुरू होऊ शकते का?

२. मी ज्यांना मदत करतो ते मला मोकळेपणाने नाही म्हणू शकतात का?

३. ज्याचं फळ मला दिसणार नाही असं कोणतं काम मी या आठवड्यात तरी करत राहीन?

प्रार्थना : प्रभू येशू, तू दमलास, तू पाणी मागितलंस. आम्हाला वरून देणारे होऊ देऊ नकोस. आमचं दार उघडं ठेव, आणि आमच्या हातातलं ताट कुणावर ओझं होऊ देऊ नकोस. आज जे छोटं काम समोर आहे ते नीट करायला कृपा दे. आमेन.