आपल्या जिल्ह्याच्या गोदूताई परुळेकर



दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी लोक जमतात. १९४२ साली याच तारखेला गावोगावचे लोक मोर्चा घेऊन पालघरच्या कचेरीवर गेले होते. इंग्रजांनी देश सोडून जावे, एवढीच त्यांची मागणी होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काशिनाथ पागधरे, गोविंद ठोसर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे असे पाच वीर हुतात्मे झाले. त्यांची नावे आपण शाळेत पाठ करतो.

आता एक योगायोग पाहा. त्याच्या ३५ वर्षे आधी, म्हणजे १४ ऑगस्ट १९०७ या दिवशी, पुण्यात एका मुलीचा जन्म झाला. पुढे ती मुलगी आपल्या भागात आली आणि इथलीच झाली. तिच्या लढ्यातही आपल्या भागातील माणसांवर गोळ्या चालल्या. पण त्या माणसांची नावे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. म्हणून या अंकात आम्ही सातवीच्या मुलांनी गोदावरी परुळेकर, म्हणजे सगळ्यांच्या गोदूताई, यांचे चरित्र लिहायचे ठरवले.

गोदूताईंचे माहेरचे आडनाव गोखले. वडील लक्ष्मणराव हे पुण्यातले नावाजलेले वकील. घरी कशाची उणीव नव्हती. गोदावरी फर्ग्युसन कॉलेजात शिकली आणि पुढे वकिलीची परीक्षाही पास झाली. त्या काळी मुलींना चौथीपर्यंत शिकवले तरी खूप झाले असे लोक म्हणत. महाराष्ट्रात वकिलीची पदवी घेणारी ती पहिली स्त्री मानतात. आता ही मुलगी काळा कोट घालून कोर्टात उभी राहणार असेच कुणालाही वाटले असते. पण झाले भलतेच! १९३२ साली तिने सत्याग्रह केला आणि ती तुरुंगात गेली. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. मग तिने पुण्याचे घर सोडले आणि मुंबई गाठली.

मुंबईत ती भारत सेवक समाजाचे काम करू लागली. या संस्थेची ती पहिली स्त्री आजीव सदस्य झाली. मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवायचे, घरकाम करणाऱ्या गड्यांची आणि बायांची संघटना बांधायची, अशी कामे तिने केली. तिथेच शामराव परुळेकर भेटले. १९३९ साली दोघांचे लग्न झाले. त्याच साली ती दोघे कम्युनिस्ट पक्षात गेली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने दोघांनाही तुरुंगात टाकले. १९४२ साली ती सुटली.

आता गोष्ट आपल्या भागाकडे वळते.

त्या वेळी आपला पालघर जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेव्हा यातला बहुतेक भाग ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू, उंबरगाव, जव्हार, पालघर या भागांत वारली आणि इतर आदिवासी बांधव राहत. जंगल त्यांच्या वाडवडिलांचे, पण जमीन सावकार-जमीनदारांच्या नावावर. वेठ म्हणजे फुकट काम. जमीनदाराने हाक मारली की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर जायचे. त्याहून वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. आणि ते फिटतील कसे? हिशेबाची वही सावकाराकडे, आणि आदिवासीला अक्षर येत नव्हते. काही जण आयुष्यभर राबले, तरी कर्ज तेवढेच राहिले.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला शेतकऱ्यांची परिषद भरली. तिथे किसान सभा स्थापन झाली. त्या परिषदेला थोडे वारली बांधवही गेले होते. त्यात माह्या धांगडा हे एक होते. त्यांनी आपल्या लोकांची दुःखे सांगितली आणि आमच्याकडे या म्हणून गळ घातली. गोदूताई आल्या. रस्ते नव्हते, दिवे नव्हते. पायी चालायचे, पाड्यावर जे मिळेल ते खायचे आणि झोपडीत जमिनीवर झोपायचे. सुरुवातीला लोक शहरातल्या बाईला पाहून जंगलात पळत. मग हळूहळू जवळ आले आणि बोलू लागले.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी मोठी सभा झाली. हे गाव आता तलासरी तालुक्यात आहे. सुमारे ५,००० आदिवासी जमले. तिथे सर्वांनी ठरवले की आजपासून वेठ करायची नाही. रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराचे काम करायचे नाही. (१६ आण्यांचा एक रुपया होई, म्हणजे बारा आणे हे ७५ पैसे.) नंतर लोक पाड्यापाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना सोडवू लागले. जी माणसे मान खाली घालून चालत होती ती ताठ मानेने चालू लागली.

जमीनदारांना हे कसे आवडावे? पावसाळा संपला आणि गवत कापायचे दिवस आले. त्या काळी मुंबईतल्या तबेल्यांना आपल्या भागातून गवत जात असे. ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर गवत कापण्याचे अडीच रुपये द्या, अशी मागणी आदिवासींनी केली आणि संप केला. गवत माळावर उभेच राहिले.

आणि मग ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे घात झाला.

झाले असे. पाड्यापाड्यांवर निरोप फिरला की तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, म्हणून सर्वांनी काठ्या घेऊन या. निरोप खोटा होता. गोदूताईंनी सभा बोलावलीच नव्हती. दुसरीकडे पोलिसांच्या कानावर घातले गेले की वारली लोक काठ्या घेऊन दंगा करायला जमत आहेत. किसान सभेने पुढे सांगितले की हा सगळा जमीनदारांचा डाव होता. एकच अफवा, पण तिला दोन तोंडे! लोकांना वाटले आपण आपल्या ताईला वाचवायला आलो. पोलिसांना वाटले हे आपल्यावर चालून आले.

१० ऑक्टोबरच्या रात्री हजारो लोक तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. लोक पळाले नाहीत. ताई येणार आहे, तिला सोडून कसे जायचे, असे त्यांना वाटत होते. तास न् तास ते तिथेच राहिले. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मरण पावले. ज्यांची वाट पाहत ती माणसे उभी होती, त्या गोदूताई तिथे नव्हत्याच. त्यांना हे कळले तेव्हा काय वाटले असेल, याचा विचार केला तरी आमच्या अंगावर काटा येतो.

हा भाग लिहिताना आमच्या वर्गात वाद झाला. एका मुलाचे बाबा पोलीस आहेत. तो म्हणाला की हजारो माणसे रात्री काठ्या घेऊन जमली तर थोड्या पोलिसांनी काय करायचे? त्यांनाही घर आहे, त्यांनाही भीती वाटते. त्याचे म्हणणे खोटे नाही. आम्ही गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले की यासाठीच कायदा आहे. जमाव बेकायदा वाटला तर आधी त्याला पांगण्याचा हुकूम द्यायचा. तो मानला नाही तरच बळ वापरायचे, आणि तेही लागेल तेवढेच. पांगण्याच्या हुकमाची तरतूद इंग्रजांच्या १८९८ च्या कायद्यातही होती, १९७३ च्या कायद्यात राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. पण हुकमाच्याही आधी एक साधी गोष्ट करता येते. ती म्हणजे माणसांना विचारणे, बाबांनो, तुम्ही इथे कशाला आलात? तलवाड्याला हे विचारले असते तर उत्तर मिळाले असते की आम्ही ताईसाठी आलो. मग अफवा तिथेच फुटली असती. आमच्या मित्रालाही हे पटले.

गोळीबारानंतर सरकारने काय केले? खोटा निरोप कुणी पाठवला याचा छडा लावण्याऐवजी गोदूताई आणि शामराव यांनाच जिल्ह्यात यायला बंदी केली. पण संप मोडला नाही. वाढलेली मजुरी पुष्कळ ठिकाणी द्यावी लागली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ते इंग्रजांचे राज्य होते. ते गोळ्या घालणारच. पण पुढचे ऐका. १९४६ साली मुंबई प्रांतात आपल्या लोकांनी निवडून दिलेले मंत्रिमंडळ आले. आदिवासींनी जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप केला. पुन्हा पकडापकडी झाली, पुन्हा पुढाऱ्यांना जिल्हाबंदी झाली. आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यातही आदिवासी बांधव मेले. नानिवली काही लांब नाही. आपल्याच पालघर तालुक्यात, बोईसरच्या पूर्वेकडे आहे. स्वातंत्र्य तेव्हा अवघ्या सात महिन्यांवर आले होते! राज्य आपले असो की परक्याचे, माणसांचे ऐकून घेण्याआधी बंदूक उचलली तर मरतो तो गरीबच, हे नानिवलीने दाखवले.

गोदूताई मात्र थांबल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतरही त्या आदिवासींतच राहिल्या. १९६५ साली शामराव वारले. हा मोठाच आघात होता. पण त्यांनी काम सोडले नाही. १९७० साली त्यांनी आपल्या लढ्याची हकिगत पुस्तकात लिहिली. पुस्तकाचे नाव जेव्हा माणूस जागा होतो. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तुम्ही मोठे झालात की ते जरूर वाचा. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या जवळ होते.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी तलासरी येथे गोदूताईंनी देह ठेवला. पुण्यात जन्मलेल्या बाईने शेवटचा श्वास आपल्या आदिवासी भागात घेतला. तलासरीच्या कॉलेजला आज त्यांचे आणि शामरावांचे नाव आहे. ज्यांच्या आजोबांना सावकाराची वही वाचता येत नव्हती, त्यांची नातवंडे तिथे शिकतात.

बालमित्रांनो, गोदूताईंचा पक्ष सगळ्यांना आवडतो असे नाही. आपल्या पालकांत निरनिराळ्या मतांचे लोक आहेत. पण फुकट राबणाऱ्या माणसाला फुकट राबू नको असे सांगायला त्या गेल्या, हे कुणीही नाकारणार नाही. आता बोईसरला कधी मोर्चा निघाला की आपण दुकान बंद करतो, दार लावून घेतो आणि कुणी काहीही सांगितले की खरे मानतो. यापुढे आपण एक करू या. आधी विचारू या की ही माणसे कशासाठी आली आहेत. आणि हा निरोप कुणी दिला, त्याने स्वतः पाहिले का, हेही विचारू या. पोलीस झालो तरी विचारू, मोर्चात गेलो तरी विचारू.

आणि एक काम सर्वांनी करायचे आहे. घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा की वेठ म्हणजे काय, लग्नगडी कुणी पाहिला होता का, तलवाडा आणि नानिवलीची काही आठवण घरात सांगतात का. जे सांगतील ते वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात ते आम्ही इथेच लावू.

पाच हुतात्म्यांबरोबर जेठ्या गांगड यांचे नावही आजपासून पाठ करा. गोदूताईंना आणि त्या सर्वांना आमचे विनम्र अभिवादन!