डॉ. ग्राम

हान्स ख्रिश्चन ग्राम यांचा जन्म १८५३ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात झाला. ते डॉक्टर झाले. १८८४ साली बर्लिनमध्ये ते न्यूमोनियाने मरण पावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांतील जंतू शोधत होते. त्यांनी जंतूंना जांभळा रंग दिला, वर आयोडीन लावले आणि अल्कोहोलने धुतले. काही जंतू जांभळेच राहिले. टायफॉइडच्या जंतूंचा रंग मात्र निघून गेला. आपली रीत अपुरी आहे, असे ग्राम यांनी प्रामाणिकपणे लिहिले. पण त्या उणिवेमुळेच जंतूंचे दोन मोठे गट ओळखता येऊ लागले! १९३८ साली ग्राम वारले. आज रासायनिक चाचण्यांचे निकाल जुळवून संगणक जंतूची जात सांगतो. तरीही प्रयोगशाळेत आधी बहुधा ग्राम यांचीच परीक्षा होते. मुलांनो, आपली उणीव लपवू नये. तीही कोणाच्या तरी उपयोगी पडते.