नाथांच्या अंगणातली पंगत

दत्तभक्तहो, रोज सांजेला आपण हात जोडून दत्तप्रभूंची जी आरती म्हणतो, ती शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची. शेवटच्या चरणात त्यांच्या नावाला गुरूंचं नाव जोडलेलं आहे. त्या जोडनावातच मला नाथांचं सगळं चरित्र दिसतं.

नाथांचा जन्म पैठणचा, सुमारे इ.स. १५३३ चा. आईबाप लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. कोवळ्या वयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि थोर दत्तोपासक. त्यांच्या कृपेनेच नाथांना दत्तदर्शन घडलं, असं परंपरा सांगते.

पुढे पैठणला गिरिजाबाईंसह संसार मांडला. नाथांनी परमार्थ कोंडून ठेवला नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगं आणि बोली घेऊन भारुडं रचली. ज्याला पोथी वाचता येत नव्हती, तोही हसता हसता शहाणा झाला.

एकदा घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने गावकुसाबाहेरची भुकेली मंडळी दाराशी थबकली. नाथांनी अन् गिरिजाबाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं. झालं! ब्रह्मवृंद रुसला, पानावर बसेना. त्या काळी वाळीत पडणं म्हणजे काय, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. नाथ डगमगले नाहीत. तेव्हा पितरच प्रत्यक्ष येऊन जेवून गेले, अशी कथा आहे. मी तिचा अर्थ इतकाच घेतो, की भुकेल्याचं समाधान पितरांना पोहोचतं.

जनार्दनस्वामींची पुण्यतिथी फाल्गुन वद्य षष्ठी. नाथ ती कीर्तनाने, अन्नदानाने साजरी करीत. इ.स. १५९९ मध्ये त्याच तिथीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. म्हणून तर नाथषष्ठी ही गुरु-शिष्य दोघांची! आजही दिंड्या पैठणला येतात, अष्टमीला काल्याची हंडी फुटते. काल्यात दही कुणाचं, लाह्या कुणाच्या, कोण विचारतो? सगळं एक झालं की मगच त्याला प्रसाद म्हणायचं.

आता मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्याकडेही महाप्रसादाची पानं मांडली जातील. वाढताना एकदा दाराबाहेरही नजर टाकू या. तिथे कुणी उभं असेल, तर त्याचं पान आधी मांडू. नाथांची आरती म्हणणाऱ्यांना एवढं तरी जमलं पाहिजे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥